अॅक्टिव्ह घ्यावेत की जुन्या पॅसिव्हलाच नवं मशीन जोडावं?

आटपाडीकर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, पण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच सांगतो.

साउंडचा धंदा आमच्याकडं आण्णांपासून. त्यांच्या काळात चार कर्णे, १०० व्होल्ट लाइनचा एक अॅम्प्लीफायर आणि ट्रकची बॅटरी एवढ्यावर लग्न, सप्ताह, निवडणुकीची रिक्षा सगळं व्हायचं. २०१४ ला मी हातात घेतल्यावर १५ इंची टू-वे टॉपची (स्टँडवरच्या मुख्य स्पीकरची) जोडी आणली, ८ ओमची पॅसिव्ह, म्हणजे आत अॅम्प्लीफायर नसलेली, आणि दोन चॅनेलचं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन, म्हणजे अॅम्प्लीफायर. मशीन २३ किलो, पेटी धरून ३५. आवाजाबद्दल तक्रार नाही. पण उचलायला मी आणि एक पोरगा, आणि पोरगा दर दिवाळीला बदलतो. गेल्या श्रावणात ते मशीन ईकोतून उतरवताना कमरेत अशी काही कळ आली की सप्ताहाचे पुढचे चार दिवस मिक्सरवर उभ्यानंच काढले. बसलो की उठता येईना.

दुसरं दुखणं वायरचं. मशीन स्टेजजवळ मिक्सरशेजारी ठेवतो, टॉप कधी १०, तर कधी ३० मीटर लांब. पखवाजाची थाप पडली की मशीनवरचा क्लिपचा लाल दिवा (ताकद संपून आवाज फाटतोय याची खूण) लुकलुकतो, आणि तरी मागनं माणूस येतो, ‘आवाज वाढवा की मालक.’

आता पावणेदोन लाख बाजूला काढलेत. एक मार्ग असा की १२ इंची अॅक्टिव्ह, म्हणजे अॅम्प्लीफायर पोटातच असलेल्या, टॉपची जोडी घ्यायची, जुनं सगळं विकायचं. दुसरा, टॉप हेच ठेवून हलकं, नव्या पद्धतीचं क्लास-डी मशीन आणि दोन बेसचे स्पीकर घ्यायचे. दुकानदार म्हणतो, ‘आता पॅसिव्ह घेतंय कोण?’ त्याला विकायचंय, मला वापरायचंय.

कामं म्हणजे सप्ताह, जागरण-गोंधळ, हळद, साखरपुडा, तेराव्याचं प्रवचन, शाळेचं गॅदरिंग. डीजेच्या वाटेला जात नाही. वस्त्यांवर संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतं, हेही ध्यानात घ्या.

रात्रपाळी_पुणे

अॅक्टिव्ह. डोळे झाकून. मी हॉलची आणि कंपन्यांची कामं करतो, सहा वर्षांत एकदाही मशीनची पेटी उचललेली नाही. १२ इंची डबा १७ ते २० किलोचा, एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. आत क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करणारा), ईक्यू (आवाजाचा तोल साधणारा), लिमिटर (मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) सगळं त्या स्पीकरसाठीच जुळवलेलं असतं, बेसच्या कोनाला वेगळा अॅम्प, हॉर्नला वेगळा. कोणी उत्साहात फेडर वर ढकलला तरी लिमिटर सांभाळून घेतो. तुमच्या क्लिपच्या लाल दिव्यानं हॉर्नचे डायफ्रॅम (आतले पातळ पडदे) जातात, ते प्रकरणच संपतं. डबे वाढवायचे असले की मागच्या लिंकमधून कॅनन वायर (मिक्सरचा सिग्नल नेणारी) काढायची आणि पुढच्याला द्यायची, ओमची बेरीज-वजाबाकी नाही.

फक्त डब्यावरच्या २००० वॅटला भुलू नका, ते पीकचं, म्हणजे क्षणभराचं, असतं. आणि वॅट दुप्पट केले तरी वाढतात ३ डेसिबलच.

जुना वायरमन

आटपाडीकर, पुण्याच्या भाच्यानं सांगितलं ते खोटं नाही, पण त्याच्या हॉलमध्ये भिंतीत सॉकेट असतो आणि त्या सॉकेटला अर्थिंग असतं. तुझ्या मांडवात काय असतं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी मिरजेकडचा, ३१ वर्षं विजेच्या लाइनवर काढली, हाताखाली साउंडही केलं.

आधी वायरचं. तू वायर कुठली वापरतोस ते लिहिलं नाहीस, यावरनंच ओळखलं. लाइटवाल्याची ०.७५ चौरस मिमीची असणार. गणित कर. ३० मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, त्याचा रोध झाला दीड ओमच्या आसपास. दोन टॉप एकाच चॅनेलला समांतर जोडलेस तर भार ४ ओम. मशीननं दिलेल्या व्होल्टेजचा चौथा हिस्सा वायरच खाते, आणि टॉपला पोचणारी पॉवर निम्म्यावर येते. तीच वायर २.५ ची घे, रोध ०.४४ ओम, तोटा १९ टक्के. १९ टक्के कानाला कळत नाहीत, निम्मी कळते. म्हणजे तुझं अर्धं दुखणं हजार-दोन हजारांच्या वायरनं जाणारं आहे. मशीन उचलून टॉपजवळ नेलंस तर तेवढंही नको, पण तुझी कंबर बघता ते बोलत नाही.

आता विजेचं. एका सप्ताहात, गाव सांगत नाही, मांडववाल्यानं तीन फेज आणल्या होत्या. न्यूट्रलचा (परतीच्या तारेचा) जोड पिळा मारून, वर चिकटपट्टी. हरिपाठ संपला, स्वयंपाकाकडची मोठी शेगडी कोणी चालू केली, जोड तापला आणि सुटला. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणं ४१५ व्होल्टवर एकमेकांच्या मागं माळेसारखी लागतात, आणि ज्याचा भार हलका त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. त्या दिवशी हलका भार आमचा होता. दोन अॅक्टिव्ह डबे आणि मिक्सरचा अॅडाप्टर, तिन्ही एका दमात. आवाज असा आला नाहीच, फक्त वास. कीर्तन झालं ते मंदिरातल्या आरतीच्या कर्ण्यावर.

पॅसिव्ह असते तर वाचलो असतो असं म्हणत नाही, मशीन गेलंच असतं. पण मशीन एक गेलं असतं, आणि शेजारच्या गावातून दुसरं कुठलंही आणून त्याच टॉपना जोडलं असतं. अॅक्टिव्हमध्ये मशीन स्पीकरच्या पोटात असतं. पोटच गेलं की स्पीकर चांगला असून मुका.

म्हणून काहीही घे, आधी बोर्डाच्या तोंडाशी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसव. २७० च्या वर गेलं की लाइन तोडतो. आणि माझं ऐकशील तर स्पीकर निवडायच्या आधी गेल्या वर्षीची सुपारीची वही काढ. किती कामं कुठं केलीस ते मोज. सगळे सप्ताहाचंच बोलतात, कारण ते लक्षात राहतं. पोट कशावर भरतं ते वहीत असतं.

सोल्डर_आणि_धूप

मी रिपेरी करतो, माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो. अॅक्टिव्ह डब्यामागं पंखा किंवा हीटसिंक असतो. पंखा म्हणजे हवा आत ओढायला जागा. आपल्याकडं हवेत काय असतं? भंडारा, गुलाल, आणि हळदीच्या दिवशी ती फुग्यासारखी फुटणारी रंगीत भुकटी. खंडोबाच्या यात्रेतून आलेला एक डबा उघडला तर सगळा बोर्ड पिवळाधमक, पंख्याच्या पात्यांवर नखाएवढा थर. कोरडा असतो तोवर नुसती धूळ असते, फक्त उष्णता कोंडते. पहिल्या पावसात दमट झाला की बोर्डावरच्या पार्टांच्या पायांमधून वीज त्यातूनच वाट काढते. ब्रशनं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, दोन दिवस गेले.

मशीनमध्येही भंडारा जातोच. पण मशीन तुम्ही टेबलाखाली, कापडाआड ठेवू शकता. टॉप मात्र वाऱ्यातच उभा करावा लागतो, लोकांच्या डोक्यावर, जिथं भंडारा उधळतात तिथंच.

पॅसिव्हचं काय येतं? कॉइल जळालेली, डायफ्रॅम फाटलेला. डायफ्रॅम बसवायला अर्धा तास. अॅक्टिव्हचा बोर्ड मिळाला तर मिळाला, एकेक महिना वाट बघायला लागते, आणि लग्नसराईत महिना म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घेण्याआधी विकणाऱ्याला एकच विचारा, ‘आतला बोर्ड सुटा मिळतो का, आणि किती दिवसांत?’ तो डोकं खाजवायला लागला की दुसऱ्या दुकानात जा.

आटपाडीकर

काका, वायर ०.७५ चीच निघाली. तीही दोन ठिकाणी जोडलेली. लाज वाटली.

वही काढली. गेल्या वर्षी ५८ कामं. त्यातली ३१ मंगल कार्यालयात, हॉलमध्ये नाहीतर घरापुढच्या अंगणात, दीडशे-दोनशे माणसांच्या आतली. १६ उघड्यावरची कीर्तनं आणि प्रवचनं. ७ जागरण-गोंधळ. ४ शाळेची. मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तर ‘अर्धे सप्ताह’ म्हणालो असतो. आणि त्या ३१ कामांना मी दर वेळी ३५ किलोची पेटी चढवली-उतरवली, दोनशे माणसांच्या तेराव्याला.

पण एक शंका. १७० व्होल्टवर अॅक्टिव्ह चालतील का? माझं मशीन कसंबसं चालतं.

रात्रपाळी_पुणे

इथं उलटं आहे. तुमच्या मशीनला ट्रान्सफॉर्मर आहे, बाहेर व्होल्टेज पडलं की आतलंही त्याच प्रमाणात पडतं. २३० च्या जागी १७० म्हणजे ७४ टक्के, आणि पॉवर वर्गाच्या हिशेबानं ५५ टक्के. वायरीत निम्मी आणि इथं निम्मी, मग मागचा माणूस ओरडणारच.

अॅक्टिव्हमध्ये बहुतेक वेळा एसएमपीएस असतो, म्हणजे बाहेर व्होल्टेज हललं तरी आतलं स्थिर ठेवणारा हलका वीजपुरवठा. मागच्या पट्टीवर ‘१००–२४०’ लिहिलेलं असेल तर १७० ला त्याला काही वाटत नाही. नुसतं ‘२२०–२४०’ असेल तर मात्र सांभाळून. दुकानात डबा वाजवून बघायच्या आधी उलटा करून ही पट्टी वाचा. आणि करंट कमी ओढतात. भजन-भाषणाच्या पातळीवर एक डबा साधारण एक-दीड अँपिअर, म्हणजे छोट्या जनरेटरवरही जोडी निभावते.

वरचा धोका काका म्हणतात तसाच, ४०० ला कोणीच टिकत नाही.

माहेरवाशीण

मी साउंडवाली नाही, साउंडवाला माझा भाऊ आहे. सप्ताहाला दरवर्षी माहेरी येते, मागं बायकांच्यात बसते, म्हणून बोलते. तुम्ही सगळे पुढं उभे राहून ऐकता. पुढच्या लहान पोरांचे कान बसतात आणि मागं आम्हाला बुवा काय म्हणतात ते कळत नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. गेल्या वर्षी एकानं मागं आणखी दोन स्पीकर लावले तर दोनदा ऐकू यायला लागलं, ‘ज्ञाना-ज्ञानोबा-नोबा’. त्यापेक्षा आधीचंच बरं होतं. याचं काही करता येतं का तुमच्या त्या महागाच्या डब्यांनी?

जुना वायरमन

ताई, या धाग्यातलं सगळ्यात कामाचं तुम्ही लिहिलंत.

पुढं वाढवून मागं पोचवायचं म्हटलं की अंतर दुप्पट होईल तसा आवाज मोकळ्यावर ६ डेसिबलनं पडतो. पुढच्यांचे कान फुटल्याशिवाय मागं पोचत नाही. म्हणून मागं दुसरी जोडी लावायची, पण तिला उशीर द्यायचा. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, वायरीतून लगेच पोचतो. २५ मीटर मागं स्पीकर असेल तर पुढचा आवाज तिथं ७३ मिलिसेकंदांनी येतो, मागचा आधीच बोलून मोकळा. तेच ताईंचं ‘नोबा-नोबा’. मागच्या जोडीला तेवढा डिले दिला की दोन्ही एकत्र येतात. काही अॅक्टिव्ह डब्यांत मागच्या मेनूत डिले असतो, काहींत नसतो. आटपाडीकर, तुझ्या खरेदीत हे बघच.

आणखी एक, भाच्यानं सांगितलं नाही म्हणून. अॅक्टिव्ह लांब लांब ठेवलेस आणि एकाला वीज मंदिरातून, दुसऱ्याला मांडवातून दिलीस तर घूंऽऽ सुरू होईल. मिक्सर आणि सगळे डबे एकाच बोर्डावरून दे. घूं घालवायला लोक प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. ते करू नकोस. ओल्या मांडवात अनवाणी बुवा, हातात धातूचा माइक. फारच घूं आली तर कॅनन वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाल, अर्थिंगला हात लावायचा नाही.

आटपाडीकर

साडेतीन महिन्यांनी लिहितोय, लग्नसराई होती. काय केलं ते सांगायचं राहिलं होतं.

१२ इंची अॅक्टिव्हची जोडी घेतली. पट्टीवर १००–२४०, मेनूत डिले, आणि बोर्ड सुटा मिळतो असं लिहून घेतलं. दुकानदारानं डोकं खाजवलं नाही, पण भुवया वर गेल्या. जुनं काहीच विकलं नाही. २.५ ची वायर घेतली, स्पीकॉन (स्पीकरच्या वायरीचे कनेक्टर) नवे लावले. बेस घेतले नाहीत.

पहिलं काम तेराव्याचं प्रवचन, हॉलमध्ये. दोन डबे, दोन स्टँड, छोटा मिक्सर. गाडी लावल्यापासून माइकला ‘हॅलो’ म्हणेपर्यंत १८ मिनिटं. पोरगा म्हणाला, ‘बाकीचं सामान कुठाय?’ मीही सवयीनं दोनदा गाडीत जाऊन बघितलं.

खरी परीक्षा सप्ताहात, एका वस्तीवर. अॅक्टिव्ह चांगले म्हणून पुढं लावावेत असं आधी मनात होतं. मग डोक्यात आलं की पॅसिव्हना लांब वायर सोसत नाही आणि डिले अॅक्टिव्हमध्ये आहे. म्हणजे उलटं लावायला पाहिजे. जुने टॉप पुढं, स्टेजच्या दोन्ही अंगाला, मशीन तिथंच, वायर ८ मीटर. नवे डबे २५ मीटर मागं, बायका बसतात त्याच्या अलीकडं. त्यांच्यापर्यंत कॅनन आणि २.५ ची विजेची वायर, दोन्ही माझ्याच बोर्डावरून. घूं नाही.

संध्याकाळी मोकळ्या मांडवात पोराला पखवाजावर बसवलं आणि एकेक थाप मारायला सांगितली. मी मागं उभा. डिले शून्यावर असताना थाप दोनदा, धा-धा. ५० वर दोन थापा जवळ आल्या. ७३ वर एक झाली. अंगावर काटा आला खरं सांगतो, एवढ्या वर्षांत हे कधी ऐकलंच नव्हतं. पण आवाज मागच्या डब्यातूनच येतोय असं वाटत होतं, बुवा पुढं आणि बोलणं शेजारून. म्हणून चाळा म्हणून वाढवत गेलो. ८५ च्या आसपास डबे जसे गप्पच झाले, आवाज बुवांच्या तोंडून यायला लागला. मागचे बंद केले तेव्हा कळलं की ते चालू होते. ७३ च्या वर दहा-बारा का लागले ते जाणकारांनी सांगावं.

व्होल्टेज कीर्तनाच्या वेळी १६८. जुनं मशीन दमलं होतं, पण आता त्याला पुढच्या शंभर माणसांनाच ऐकवायचं होतं, लाल दिवा एकदाही लागला नाही. कीर्तन पावणेदहाला संपवलं. दहाच्या पुढं लाउडस्पीकर नाही हे आता मंडळालाच पाठ आहे.

जागरण-गोंधळाला अॅक्टिव्ह नेत नाही. जुने टॉप आणि मशीन टेबलाखाली. ती सात कामं कमरेला सहन होतात.

आण्णा तिसऱ्या दिवशी मागं जाऊन बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, चांगलं होतं, पण मळ्यापर्यंत काही गेलं नाही, कर्णा जायचा.

सोल्डर_आणि_धूप

दहा-बारा जास्त लागतात ते बरोबर आहे. जो आवाज कानाला आधी पोचतो, मेंदू दिशा त्याची धरतो. पुढचा जरासा आधी पोचायला पाहिजे, मग मागचा थोडा मोठा असला तरी चालतो. हे जास्तीचे २०-३० च्या पुढं मात्र नेऊ नका, परत थापा फुटतील. आणि उन्हाळ्यात हवा गरम झाली की आवाज जरा लवकर पोचतो, पण २५ मीटरला दोन-तीन मिलिसेकंदांचाच फरक, डोक्याला ताप नको.

माहेरवाशीण

पुढच्या वर्षी आमच्या गावचा सप्ताह घ्याल का? नंबर इथं देऊ नका, मी भावाला आटपाडीला पाठवते.

जुना वायरमन

सगळं लिहिलंस. प्रोटेक्टरचं लिहिलं नाहीस.

आटपाडीकर

बसवला काका, पहिल्याच आठवड्यात. खालची मर्यादा दुकानातून १७० वर लावून आली होती, ती मी बघितलीच नाही. एका साखरपुड्यात शेजारची मोटार चालू झाली आणि ऐन ओटी भरताना सगळं बंद. तीन मिनिटांनी आपोआप चालू झालं, परत मोटार, परत बंद. नवरीच्या मामांनी माझ्याकडं कसं बघितलं ते लिहीत नाही. आता खाली १४० आणि वर २७० आहे. वरून अजून एकदाही पडलेला नाही.